पहाऱ्याची वही

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बेअरा नावाचे एक चिंचोळे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात घुसलेले आहे. कॅसलटाउनबेअर हे तिथले मासेमारीचे मोठे बंदर. बंदरापासून काही मैलांवर, समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या एका घरात तीन पिढ्या नांदत होत्या. आजोबा ८६ वर्षांचे. त्यांचा मुलगा ट्रॉलरवर तांडेल. नातू नौदलात खलाशी, आणि धाकटी नात कॉर्कच्या विद्यापीठात शिकणारी. कमावते हात होते, खाऊनपिऊन सुखी होते. त्या घरात भांडण असे कधी नव्हते. पण १८ जून २०२३ च्या रविवारी जेवणाच्या टेबलावर असा वाद पेटला की कोणी पानावरून नीट उठले नाही.

निमित्त होते वर्तमानपत्राचे. चार दिवसांनी, २२ जूनला, कॉर्कच्या विद्यापीठात एक मोठी जाहीर चर्चा सुरू होणार होती. देशाची सुरक्षा कशी राखावी, तटस्थता म्हणजे नेमके काय, ती तशीच ठेवावी की बदलावी, यावर लोकांसमोर बोलण्यासाठी सरकारने चार दिवसांची बैठक बोलावली होती. पहिला दिवस कॉर्क, दुसरा गॉलवे, शेवटचे दोन डब्लिन. अध्यक्षस्थानी लुईस रिचर्डसन या विदुषी. पुढाकार उपपंतप्रधान मिहॉल मार्टिन यांचा. परराष्ट्र आणि संरक्षण ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती. पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड.

प्रश्न आकाशातून पडला नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्यानंतर वर्षभराने, एप्रिल २०२३ मध्ये, फिनलंड नाटोत गेला. स्वीडनने अर्ज केला. दोन्ही देश आयर्लंडसारखेच लष्करी युतींपासून दूर राहिलेले. मग आयर्लंडचे काय? आणि त्याच रविवारच्या वर्तमानपत्रात राष्ट्राध्यक्ष मायकल हिगिन्स यांची मुलाखत आली होती. देश तटस्थतेपासून ढळत चालला आहे, हा आगीशी खेळ आहे, असा इशारा त्यांनी दिला होता.

नातीने वर्तमानपत्र भावापुढे ठेवले. "वाच, दादा. खुद्द राष्ट्राध्यक्ष सांगताहेत. या चर्चेचा निकाल आधीच ठरलाय. आधी म्हणायचं, फक्त बोलू या. मग म्हणायचं, थोडं सहकार्य करू या. आणि एक दिवस आपण कुणाच्या तरी युद्धात उभे असू. आम्ही गुरुवारी विद्यापीठाच्या दारात फलक घेऊन उभे राहणार आहोत."

"उभे राहा की," भाऊ म्हणाला. "पण फलकावर एक आकडाही लिही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव टक्क्याच्या आसपास आपण संरक्षणावर खर्च करतो. युरोपात सगळ्यांत कमी खर्च करणाऱ्यांत आपण. लढाऊ विमान एक नाही. आकाशातलं अनोळखी विमान टिपेल असा रडार नाही. आपल्या जहाजांना नावं किती थोरांची! सॅम्युएल बेकेट, जेम्स जॉइस, येट्स, बर्नार्ड शॉ. आणि या जानेवारीत चालवायला माणसं नाहीत म्हणून दोन जहाजं धक्क्याला बांधून ठेवली. आपला समुद्र जमिनीच्या कितीतरी पट मोठा, त्याच्या तळाशी युरोप-अमेरिकेला जोडणाऱ्या तारा. खाली कोण येतं, कोण जातं, हे बघायला आपल्याकडे आहे काय? याला तू तटस्थता म्हणतेस, मी दुसऱ्याच्या जिवावर उड्या मारणं म्हणतो."

"म्हणजे बंदुका घ्या, असंच ना?"

"म्हणजे डोळे घ्या, असं."

"डोळ्यांनी सुरुवात होते आणि नाटोत शेवट होतो! शॅनन विमानतळावरून अमेरिकेचे सैनिक वर्षानुवर्षं ये-जा करताहेत. तेव्हा कुठे गेली होती तुझी सुरक्षा? आपल्या सैन्याला परदेशात पाठवायचं तर तिहेरी कुलूप आहे: संयुक्त राष्ट्रांचा ठराव, सरकारचा निर्णय, संसदेची मान्यता. १२ पेक्षा जास्त माणसं पाठवायची तर तिन्ही किल्ल्या लागतात. तेच कुलूप काढायला निघालेत."

"त्या तीनपैकी एक किल्ली मॉस्कोच्या आणि बीजिंगच्या खिशात आहे. त्यांनी नकाराधिकार वापरला की आपल्या शांतिसैनिकांचे पाय बांधले. आपले निर्णय आपण घ्यायचे की त्यांनी?"

शब्दाला शब्द वाढत गेला. तो तिला भाबडी म्हणाला, ती त्याला भाडोत्री म्हणाली. आईने ताटे उचलली. वडील खिडकीतून समुद्राकडे पाहत राहिले. आजोबांनी मात्र काठी उचलली आणि म्हणाले, "जूनचा महिना आहे, दहापर्यंत उजेड असतो. दोघं माझ्याबरोबर टोकावर चला. विळा घ्या, खराटा घ्या. आणि तू रे, तूही चल," असे म्हणून त्यांनी मुलालाही उठवले.

टोकावर जायला अर्धा तास लागला. वर वारा सोसाट्याचा. उतारावर काटेरी झुडपे माजली होती, आणि त्यांच्या बुंध्याशी मधूनमधून दगड दिसत होते, एका रांगेत लावलेले. त्यापासून थोड्या अंतरावर काँक्रीटच्या ठोकळ्यांची एक खोली, छप्पर खचलेले. समुद्राच्या बाजूला मात्र रुंद खिडकीची चौकट अजून शाबूत होती. कोपऱ्यात चूल पेटवायची जागा होती. खोली एवढी लहान की चौघे उभे राहिल्यावर हात पसरायला जागा उरली नाही.

"आधी काम," आजोबा म्हणाले. "दगडांवरची झुडपं काढा."

दोघांनी विळे चालवले. काटे बोचत होते, पण तासाभरात जमिनीवर एक उभी रेघ मोकळी झाली, मग तिला जोडलेल्या तीन आडव्या रेघा. नात मागे सरकून पाहू लागली. माणसाच्या उंचीच्या दुपटीहून मोठे एक रोमन अक्षर मातीत आडवे पडले होते.

"चार अक्षरं आहेत," आजोबा म्हणाले. "ई, आय, आर, ई. एरे. आपल्या देशाचं नाव. दुसऱ्या महायुद्धात सबंध किनाऱ्यावर अशी अक्षरं मांडली होती, ८० हून जास्त ठिकाणी. वरून जाणाऱ्या वैमानिकाला कळावं, की हा तटस्थ देश आहे, इथं बॉम्ब टाकू नका. मी सहा वर्षांचा होतो. माझे वडील आणि गावातले लोक खालून दगड वाहून आणत. मला चुन्याची बादली धरायला ठेवलं होतं. हाताला चुना लागून साल निघालं होतं, ते अजून आठवतं."

नातीचा चेहरा उजळला. "बघ, दादा! बंदूक नाही, विमान नाही. फक्त देशाचं नाव लिहिलं आणि देश वाचला."

"नाव लिहून देश वाचत असता," आजोबा म्हणाले, "तर मी तुम्हाला या खोलीत आणलं नसतं. चला आत."

चौघे त्या चौकटीपाशी दाटीवाटीने उभे राहिले.

"अशा ८३ चौक्या होत्या, पूर्व किनाऱ्यावरच्या लाउथपासून वळसा घालून पार उत्तरेच्या डोनेगलपर्यंत. प्रत्येकीत गावातलीच माणसं. कुणी कोळी, कुणी शेतकरी. माझे वडील त्यातले एक. पाळीला दोघं असत. एक बाहेर उभा राहून बघणार, दुसरा आत टेलिफोनपाशी. दुर्बीण, होकायंत्र, आणि एक वही. समुद्रात आणि आकाशात जे दिसेल ते वहीत उतरायचं आणि फोनवर कळवायचं. किती वाजता, कुठल्या दिशेनं, किती उंचीवर, कुणाचं विमान. दिवसा आणि रात्री, पावसात आणि धुक्यात, पाच-सहा वर्षं. त्या वह्या आज डब्लिनच्या लष्करी दफ्तरखान्यात जपून ठेवल्या आहेत."

"वडील अक्षरओळखीपुरते शिकलेले. पण वहीच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. विमान जर्मन असो नाही तर इंग्रज, ओळ तेवढीच लांब लिहायची. घरात आमचे चुलते म्हणायचे, इंग्रजांनी आपल्याला शेकडो वर्षं छळलं, त्यांची विमानं काय मोजतोस, पडू दे. शेजारचे म्हणायचे, हिटलर जिंकला तर कोणीच उरणार नाही, जर्मनांवरच नजर ठेव. वडील दोघांचं ऐकून घेत आणि पाळीवर जाऊन दोन्ही लिहीत. तटस्थतेचं बोलणं त्यांना येत नव्हतं. त्यांना पहारा देता येत होता."

नातू हळूच म्हणाला, "मी तेच म्हणतोय, आजोबा."

"थांब. तुझी पाळी यायची आहे. आधी हिच्याशी बोलू दे." आजोबा नातीकडे वळले. "तुला वाटतं आपली तटस्थता धुतल्या तांदळासारखी होती. उद्या झुडपं काढाल तेव्हा अक्षरांशेजारी एक आकडा सापडेल. प्रत्येक चौकीला क्रमांक होता. तो दगडांत का लिहिला, माहिती आहे? अमेरिकेच्या आणि इंग्लंडच्या वैमानिकांना आपण नेमके कुठे आहोत ते समजावं म्हणून. जर्मनांसाठी नव्हे. आणि मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉडची गोष्ट ऐकली आहेस?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"जून १९४४. ब्लॅकसॉडच्या टपाल कार्यालयात मॉरीन फ्लॅविन नावाची मुलगी कामाला होती. तासातासाला हवामानाची नोंद घ्यायची आणि पाठवायची, हे तिचं काम. ३ जूनला पहाटे तिनं पाहिलं, की वायुभारमापकातला पारा झपाट्यानं उतरतोय. तिनं आकडा पाठवला. थोड्या वेळानं इंग्लंडहून फोन आला, पुन्हा तपासा. तिनं पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. त्या आकड्यांचा आधार घेऊन दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवरनं फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याची मोहीम ५ जूनऐवजी ६ जूनवर नेली. ५ तारखेला समुद्र खवळलेला होता. त्या दिवशी बोटी गेल्या असत्या तर हजारो बुडाले असते. तिला त्यातलं काही ठाऊक नव्हतं, कित्येक वर्षांनंतर कळलं. पण ती नोंद इंग्लंडला पाठवायची हे आपल्या सरकारनं ठरवलं होतं. आपले तेव्हाचे पंतप्रधान डी व्हॅलेरा जगाला सांगत होते, आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही. आणि हवामानाचे आकडे एकाच बाजूला जात होते."

"म्हणजे ते खोटं बोलत होते?" तिचा आवाज बारीक झाला.

"त्यांच्यापुढे एक लहान, गरीब, नुकताच यादवीतून उठलेला देश होता. १९३८ मध्ये इंग्रजांनी हे समोरचं बेअरहेवन बंदर परत दिलं नसतं तर तटस्थ राहणंच शक्य नव्हतं. इथंच त्यांचं आरमार उभं राहिलं असतं आणि इथंच बॉम्ब पडले असते. तरीही मे १९४१ मध्ये डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँडवर जर्मन बॉम्ब पडले आणि २८ माणसं मेली. अशा वेळी देश वाचवायला त्यांनी जे केलं त्याला मी दोष देत नाही. पण तुला एवढं कळायला हवं, की तटस्थ राहणं हे रोज सकाळी नव्यानं करायचं, अवघड, तडजोडीचं काम होतं. ते वारशानं मिळालेलं पुण्य नव्हतं."

आता नातू पुढे झाला. "मग झालं तर. आपण तेव्हाही पश्चिमेच्याच बाजूचे होतो, आजही आहोत. नाटक बंद करू आणि सरळ त्यांच्यात जाऊ."

"आता तुझी पाळी," आजोबा म्हणाले आणि चौकटीच्या कठड्यावर बसले. "१९६० मध्ये मी २३ वर्षांचा होतो. संयुक्त राष्ट्रांच्या सैन्यातून काँगोला गेलो. त्या उन्हात आमच्या अंगावर लोकरीचे जाड गणवेश होते. ८ नोव्हेंबरला निएम्बाजवळ आपल्या ११ जणांच्या तुकडीवर हल्ला झाला. ९ जण मेले. डब्लिनच्या रस्त्यांवर त्यांच्या अंत्ययात्रेला माणसं मावली नाहीत. त्यामुळे साधनं नसताना पोरांना पुढे ढकलणं म्हणजे काय, हे मला तुझ्याकडून शिकायला नको. त्या बाबतीत तू बरोबर आहेस."

"मग?"

"मग हे ऐक. तिथल्या गावांत आम्ही गेलो की पहिला प्रश्न यायचा, तुम्ही बेल्जियमचे? आम्ही सांगायचो, नाही, आयर्लंडचे. आमचाही देश दुसऱ्यांच्या ताब्यात होता. मग माणसं दार उघडायची. सगळी नाही, पण पुष्कळ. १९५८ पासून आजपर्यंत एकही दिवस असा गेला नाही की आपला सैनिक कुठे ना कुठे संयुक्त राष्ट्रांच्या कामावर नव्हता. गेल्या डिसेंबरात लेबनॉनमध्ये आपला एक पोरगा मारला गेला, तोही त्याच कामावर. आपण कुणाच्या युतीत नाही, म्हणून दोन्ही बाजू आपल्याला मध्ये उभं राहू देतात. हा विश्वास साठ वर्षांत जमवलाय. तू म्हणतोस नाटक बंद करू. त्या नाटकात खरी माणसं मेली आहेत, बाळा."

नातू खाली पाहू लागला. वारा पडत चालला होता, आणि समोर बेअर बेटावरच्या जुन्या किल्ल्याच्या भिंती स्पष्ट दिसत होत्या. तेवढा वेळ गप्प असलेले वडील बोलू लागले.

"मला दोन शब्द बोलू द्या. गेल्या वर्षी जानेवारीत काय झालं ते तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे, पण तुम्ही ते आपापल्या सोयीनं सांगता. रशियानं जाहीर केलं, की आपल्या नैर्ऋत्येला दीडशे मैलांवर, आपल्याच आर्थिक क्षेत्रात, त्यांचं आरमार तोफा-क्षेपणास्त्रांचा सराव करणार. सरकारनं नाराजी कळवली. कायद्यानं त्यांना रोखता येत नव्हतं. आमची मच्छीमार संघटना इथली, कॅसलटाउनबेअरची. आम्ही ठरवलं, की आमचे मासे तिथं आहेत, आमचा हंगाम आहे, आम्ही जाणार. बोटी पाळीपाळीनं तिथं असतील. रशियाच्या राजदूतांनी आमच्या लोकांना बोलावून चर्चा केली. २९ जानेवारीला त्यांच्या संरक्षण मंत्र्यांनी सराव आपल्या क्षेत्राबाहेर हलवल्याचं कळलं."

"तेच!" नात म्हणाली. "जाळ्यांनी आरमार हलवलं."

"जगभरच्या वर्तमानपत्रांनी असंच छापलं," वडील म्हणाले. "हा म्हणतो, ते त्यांच्याच कारणानं हलले, महिन्याभरात त्यांना युक्रेनवर जायचं होतं. तेही असेल. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही. मला माझं ठाऊक आहे. आम्ही शूर नव्हतो, पोरी. बायको रात्रभर झोपली नव्हती आणि मीही नाही. पण आमच्या बोलण्यात खोट नव्हती. आम्ही त्या पाण्यात रोज जातो. कुठल्या आठवड्यात कुठला मासा कुठे असतो, ते आम्हाला अंधारात सांगता येतं. जे तिथं कधी गेलेच नाहीत त्यांनी उठून ‘आम्ही तिथं जाऊ’ म्हटलं असतं, तर कुणी लक्ष दिलं नसतं. आणि हेही सांगतो: त्या जहाजांच्या खाली पाणबुडी होती की नाही, तळाच्या तारांजवळ कोणी घुटमळत होतं की नाही, हे आमच्या जाळ्यांना कळत नव्हतं. ते बघायला याचं जहाज हवं होतं, आणि जहाजावर माणसं हवी होती."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नात म्हणाली, "आजोबा, मग गुरुवारी मी कुठल्या बाजूला उभी राहू?"

"ते तुझं तू ठरव. फक्त एक कर. या खोलीत आज कोण बसलंय, ते विचार. तू म्हणतेस तटस्थ राहू. मग इथं बसायला माणूस दे, त्याला दुर्बीण दे, पगार दे. आणि तू," ते नातवाला म्हणाले, "तू म्हणतोस युतीत जाऊ. म्हणजे इथं दुसऱ्या कुणाचा तरी माणूस बसेल आणि वही त्याची असेल. आज आकाशात अनोळखी विमान आलं की ब्रिटनची लढाऊ विमानं धावून येतात, असं सगळा देश बोलतो, आणि सरकार तोंड उघडत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं. तुम्ही दोघं भांडताय ते दारावर कुठली पाटी लावायची यावर. पाटीमागची खोली रिकामी आहे, तिच्याबद्दल दोघांपैकी कोणी भांडत नाही."

नातू म्हणाला, "मी तर साधनंच मागतोय."

"मागतोस खरा. पण ती मागताना हिला घाबरवतोस. हिची भीती खोटी नाही. लहान देशांची पोरं मोठ्यांच्या युद्धांत मेली आहेत, आपल्या गावातली सुद्धा, इंग्रजांच्या सैन्यातून. ती भीती ऐकून घे आणि मग रडार माग. आणि तू, पोरी, याची भीती ऐकून घे. हा रात्री समुद्रात असतो. आंधळ्या जहाजावर उभं राहणं कसं असतं ते याला विचार, आणि मग फलक रंगव."

त्या रात्री बहीण-भाऊ उशिरापर्यंत जागे होते, पण आवाज चढले नाहीत. तिने त्याला पाळ्यांबद्दल विचारले, जहाज सोडून गेलेल्या सोबत्यांबद्दल विचारले. ते घरभाडे परवडत नाही म्हणून गेले होते, आणि किनाऱ्यावर जास्त पगार मिळतो म्हणून गेले होते. त्याने तिला विचारले, की कुलूप काढले तर तिला नेमके कशाचे भय वाटते. तिने सांगितले: सरकार बदलेल, बहुमत बदलेल, आणि एखाद्या सकाळी कुणालाही न विचारता आपली माणसे कुठल्यातरी आघाडीवर असतील. त्याने ते वहीत लिहून घेतले, जसेच्या तसे.

गुरुवारी कॉर्कला चर्चा सुरू झाली तेव्हा बाहेर निदर्शने होती, आणि आत उपपंतप्रधान बोलायला उभे राहिले तेव्हा सभागृहातून घोषणा झाल्या, भाषण थांबवावे लागले. नात सकाळी दारात फलक घेऊन उभी राहिली आणि दुपारी आत जाऊन बसली. तज्ज्ञ बोलले, विरोधक बोलले. तिने सगळ्यांचे टिपण केले. जे पटले तेही, जे पटले नाही तेही, आणि दोन्हींच्या ओळी सारख्याच लांबीच्या ठेवल्या.

सरकारने लोकांकडून लेखी निवेदनेही मागवली होती. बहीण-भावांनी एकच निवेदन पाठवले. त्यात तीन गोष्टी एकमताने होत्या. देशाने लष्करी युतीत जाऊ नये, आणि कधी जायचे झाले तर जनतेला विचारल्याशिवाय जाऊ नये. आपला समुद्र आणि आपले आकाश पाहण्याची साधने आपण आपल्या पैशाने उभी करावीत, आणि ती चालवणाऱ्या माणसांना पोट भरेल असा पगार द्यावा. आणि कोणाची मदत घेत असू तर ती संसदेत उघड सांगावी. चौथ्या मुद्द्यावर त्यांनी लिहिले: तिहेरी कुलुपाबद्दल आमचे एकमत नाही. मग दोघांची बाजू वेगवेगळी मांडली होती. त्यातले खरे मोल असे, की बहिणीने भावाची बाजू लिहिली होती आणि भावाने बहिणीची, आणि दोघांनी एकमेकांचे लेखन वाचून सही केली होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये रिचर्डसन यांचा अहवाल आला. तटस्थता सोडून देण्याला जनतेचा कौल नाही, असे त्यात स्पष्ट होते, आणि सैन्यदलांवर अधिक खर्च करायला हवा याबद्दल व्यापक सहमती असल्याचेही होते. सरकारने त्याआधीच, २०२२ मध्ये, संरक्षणाचा खर्च १.१ अब्ज युरोंवरून २०२८ पर्यंत १.५ अब्जांवर नेण्याचे ठरवले होते. तिहेरी कुलुपाचा वाद मात्र मिटला नाही. २०२५ मध्ये सरकारने ते बदलण्यासाठी कायद्याचा मसुदा पुढे आणला, आणि देश पुन्हा दोन बाजूंनी बोलू लागला. ते बोलणे चालू राहो. ज्या देशात असा वाद मोकळेपणाने होतो तो देश त्या वादाने दुबळा होत नाही.

तात्पर्य एवढेच. कोणाच्याही बाजूला न जाण्याचा हक्क प्रत्येक लहान देशाला आहे, आणि तो मोलाचा आहे. पण तो हक्क घोषणेने टिकत नाही आणि दुसऱ्याच्या कृपेनेही टिकत नाही. जो आपल्या किनाऱ्यावर स्वतः जागा राहतो, जे दिसते ते कोणाचीही भीड न बाळगता नोंदवतो आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून देतो, त्याच्याच तटस्थतेला जग मान देते. वाचकहो, देश असो, गाव असो वा घर, "आम्ही कुणाच्या भांडणात नाही" असे म्हणण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपल्या वाटचा पहारा आज कोण देत आहे? उत्तरात दुसऱ्या कोणाचे नाव येत असेल, तर आधी ती पाळी आपल्याकडे घ्या. मग खुशाल वाद घाला, आणि वाद घालताना समोरच्याची भीतीही आपल्या वहीत लिहून घ्या.